एकेचाळीस की एकाहत्तर

आमच्या खोल्यांखाली पिठाची चक्की होती. सकाळी ती सुरू झाली की पायाखालची फरशी बारीक थरथरायची, फडताळातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि आई चहा गाळता गाळता हात लांब करून त्यांच्यामध्ये जुन्या कापडाची घडी सरकवायची. जिन्यावर कायम पिठाचा पातळ थर असे. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या रस्त्यावरून बाजारचौकाच्या सवाऱ्या गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्यांची ‘बाडा, बाडा’ अशी हाक चक्कीच्या आवाजावर चढून वर यायची. त्या गलक्यात अभ्यास करायची मला इतकी सवय झाली होती की दुपारी वीज गेली आणि चक्की थांबली की माझं लक्ष उडायचं. बाबा हसायचे. म्हणायचे, “मंजू, तुला परीक्षेलाही चक्की बरोबर न्यावी लागेल.”

बाबा सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे. घरी वाण्याची यादी लिहिली तरी तीसुद्धा ते नकाशावर लिहावी तशी लिहीत. प्रत्येक आकडा सुटा, सरळ, एका उंचीचा. कुणी घाईत लिहिलेला आकडा दिसला की त्यांना त्रास व्हायचा. विजेचं बिल हातात घेऊन ते म्हणायचे, “हा एक आहे की सात आहे, कोण सांगेल?” त्यांना स्वतःला पुण्याला शिकायला जायचं होतं. ते जमलं नाही. का जमलं नाही हे आमच्याकडे कुणी उघड सांगत नसे. आजोबा अचानक गेले एवढंच कळलेलं. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, मात्र लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथलीच झाली. दर उन्हाळ्यात ती यायची तेव्हा आईची मराठी दुरुस्त करायची. आई ग्वाल्हेरातल्याच मुरारची. तिचं माहेर तीन पिढ्या तिथल्या लष्करी छावणीत राहिलेलं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. ती म्हणायची, “मी भाजी चिरून राहिले,” आणि आत्या हसून म्हणायची, “वहिनी, चिरून राहू नका, चिरत राहा.” आईही हसायची, पण आत्या परत गेली की चार दिवस गप्प गप्प असायची.

आत्याच्या यजमानांना सगळे नानाकाका म्हणत. ते शाळेत मुख्याध्यापक होते, बोलणं थोडं आणि तोलून. मला ते आवडायचे, कारण ते मला मोठ्या माणसासारखे प्रश्न विचारायचे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचे. बारावीनंतर मी पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात विज्ञान शिकावं, त्यांच्याकडे राहावं, हे त्यांनीच सुचवलं होतं. त्या दिवसापासून बाबांच्या बोलण्यात पुणं आलं. जेवताना, पाणी भरताना, माझ्या सायकलची चेन बसवताना. आई वरणावर तूप वाढताना म्हणायची, “खाऊन घे, तिथे आत्या मोजून वाढते,” आणि बाबा तिच्याकडे बघून डोळे मोठे करायचे.

निकाल लागला तो इंटरनेटच्या दुकानात. बाड्याजवळ एका गल्लीत असं दुकान निघालं होतं, तिथे बाबा आणि मी गेलो. मुलांची ही गर्दी. पडद्यावर माझं नाव आलं. गणितात शहाऐंशी, भौतिकशास्त्रात एक्क्याऐंशी, भाषा ठीक, आणि रसायनशास्त्रात एकेचाळीस. मला वाटलं दुसऱ्या कुणाची ओळ वाचते आहे. माझा रसायनाचा पेपर गणितासारखा गेला नव्हता, पण वाईटही गेला नव्हता. परीक्षेनंतर बाबांबरोबर बसून मी प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवली होती, आणि आम्ही दोघांनी मिळून सत्तरच्या आसपास अंदाज बांधला होता. बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. मागचा मुलगा म्हणाला, “अंकल, थोडा जल्दी.” बाहेर आल्यावर ते म्हणाले, “एकाहत्तर आहेत. तपासणाऱ्यानं सात घाईत लिहिला आणि उतरवून घेणाऱ्यानं चार वाचला.” त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कोडं सुटल्यासारखं समाधान होतं.

त्यांनी फेरमोजणीचा अर्ज केला. उत्तर यायला वेळ होता आणि पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरायची मुदत त्याआधी संपत होती. अर्ज इंटरनेटवरच भरायचा, गुण आपले आपण लिहायचे, आणि यादीत नाव लागलं तर तिथे जाऊन मूळ गुणपत्रिका दाखवायची. आता मुलं हे सगळं मोबाइलवर करतात, अंगठ्यानं आकडे भरतात आणि खालच्या चौकोनावर खूण करून पुढे जातात. ‘वरील माहिती खरी आहे’ हे वाक्य कुणी वाचतही नाही. मी ते वाक्य नेहमी पूर्ण वाचते.

बाबा अर्ज भरायला गेले त्या दिवशी मला ताप होता. आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. संध्याकाळी बाबा परत आले, चप्पल काढून माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, “झालं भरून.” मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही.

यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. मला नवल वाटलं. मी म्हटलं, “बाबा, एवढ्याशा मार्कांवर कसं?” ते म्हणाले, “बाहेरगावच्या मुलांची यादी वेगळी असते.” तशी ती खरंच वेगळी असायची, म्हणून मला ते पटलं. आईनं बेसनाचे लाडू केले. चक्कीवाल्या काकांनी जिन्यातच मला थांबवून म्हटलं, “बिटिया पूना जाएगी, बहुत अच्छा,” आणि त्या महिन्यात आमचं दळण फुकट दळून दिलं. मुरारहून मामा-मामी नवी बॅग घेऊन आले. आई रोज काहीतरी बांधायची आणि रात्री ते सोडून पुन्हा वेगळं बांधायची. मी आनंदात होते. पुढे काय झालं ते माहीत असूनही म्हणते, तो आनंद खोटा नव्हता.

पुण्याला बाबा आणि मी गेलो. आत्यानं स्टेशनवरून घरी नेलं, आंघोळीला कढत पाणी दिलं, साबुदाण्याची खिचडी केली. तिची मुलगी केतकी तेव्हा दहावीत होती, ती माझ्या बॅगेतले कपडे बघून म्हणाली, “ताई, हा कपाट आपण अर्धा अर्धा करू.” आणि लगेच स्वतःच हसली, “हे कपाट! तुझ्यासारखं बोलायला लागले मी.” दुसऱ्या दिवशी नानाकाका आमच्याबरोबर कॉलेजात आले. तिथले एक प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे होते. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि हातात कागदांची पिशवी होती.

एका मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या बाईंनी हसून बसायला सांगितलं. गुणपत्रिका घेतली, आपल्यासमोरच्या छापील कागदाशी लावून एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत खाली आल्या. पेन्सिल थांबली. पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली.

“रसायनशास्त्रात तुम्ही एकाहत्तर भरलेत,” त्या म्हणाल्या. “इथे एकेचाळीस आहेत.”

मी कागदाकडे पाहिलं. एकाहत्तर. मग मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. पिशवीचं तोंड त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. मला त्या क्षणी सगळं कळलं. तो ताप, ती संध्याकाळ, बाहेरगावची यादी. आणि हेही कळलं की त्यांना आपण खोटं लिहिलं असं वाटलंच नव्हतं. त्यांनी त्यांना दिसणारा आकडा लिहिला होता.

“अर्ज कोणी भरला?” बाईंनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. “ते असं झालं, मॅडम, की हमने,” असं काहीतरी ते बोलले, घाबरले की त्यांची मराठी हिंदीत घसरायची, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून पाहू लागला. त्याच्या ओठांवर हसू होतं. ते हसू मला सहन झालं नाही.

“मी भरला,” मी म्हणाले. “चुकून झालं.”

“चुकून तीस मार्क वाढले?”

मी वाट पाहत होते. बाबा आता म्हणतील, नाही, मुलीनं नाही, मी भरला. फेरमोजणीचा अर्ज केला आहे, हा बघा त्याचा कागद. तो कागद त्या पिशवीतच होता. खोलीत पंखे फिरत होते, कुणाची तरी आई कुणाला तरी हाका मारत होती. बाबा उभे होते. काही बोलले नाहीत.

प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी नानाकाकांकडे पाहून मान हलवली, आवाज न चढवता म्हणाले की एकेचाळीसवर नाव लागत नाही आणि खोटी माहिती भरलेल्या विद्यार्थ्याचा यंदा विचारही करता येणार नाही. माझ्या नावापुढे त्या बाईंनी एक रेघ मारली. पट्टी घेऊन, सरळ.

रिक्षात मी मध्ये बसले होते, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला नानाकाका. मग नानाकाका समोर बघत म्हणाले, “मंजिरी, कमी गुण मिळणं हा काही गुन्हा नाही. ते लपवणं वाईट.” मी “हो” म्हणाले. माझ्या खांद्याला टेकलेला बाबांचा दंड एकदम ताठ झाला, आणि तसाच राहिला.

आत्या मात्र रडली. “एवढी हुशार पोर, तुला ही काय अवदसा आठवली गं? दादाला किती खाली बघावं लागलं असेल!” पानं वाढली होती. बाबा म्हणाले भूक नाही. मी जेवले. का कोण जाणे, मी व्यवस्थित जेवले, दोनदा भात घेतला. आत्याला ते निर्लज्जपणाचं वाटलं असणार, कारण तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

परतीच्या गाडीत बाबांनी मला खिडकी दिली. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून ते काहीतरी आणायचे. चहा, केळी, भुसावळच्या पुढे कुठेतरी वडे. “पाणी पाहिजे?” एवढंच विचारायचे. मी नाही म्हटलं तरी आणायचे. खंडवा गेलं, भोपाळ गेलं, आणि आम्ही दोघं एक पूर्ण वाक्य असं बोललो नाही. ग्वाल्हेरला उतरताना त्यांनी नवी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली, माझ्या हाताला लागू दिली नाही.

आईपासून मी लपवलं नाही. बाबा ऑफिसात गेल्यावर तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. “आणि ते बोलले नाहीत?”

“नाही.”

“तू कशाला मधे पडली? मोठे होते ना ते, त्यांनी आपलं सांभाळलं असतं.” संध्याकाळी बाबा आल्या आल्या ती म्हणाली, “तुमच्या बहिणीला फोन लावा. आज. आत्ता.”

“लावतो,” बाबा म्हणाले.

त्यांनी लावला नाही. आई रोज आठवण करायची, मग दोन-चार दिवसांनी, मग एके दिवशी तिनं विचारणं सोडलं. त्यानंतर ती त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलायची, आणि ते बरेच महिने चाललं. फेरमोजणीचं उत्तर आलं. ‘कोणताही बदल नाही.’ बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मोजणी केली असेल. आकडा कुणी बघितला?” पण आवाजात पूर्वीची खात्री नव्हती. माझे खरे गुण किती होते ते मला आजही माहीत नाही. तो पेपर कुठल्या तरी गोदामात कुजून गेला असेल.

मी ग्वाल्हेरातच, आमच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. मुदत संपत आली होती, पण जागा होत्या. तिथे गुणपत्रिका पाहूनच अर्ज घ्यायचे, लिहायचं काही नव्हतं. टेम्पोत बसून जायचं, दुपारी परत यायचं. शिक्षक बरे होते. रसायनशास्त्राच्या बाईंनी पहिल्याच चाचणीनंतर मला विचारलं, “बारहवीं में क्या हो गया था तुमको?” मी म्हटलं, माहीत नाही. हे माझ्या त्या सगळ्या काळातलं एकमेव सरळ उत्तर होतं.

पुण्यात मात्र माझी गोष्ट होऊन बसली होती. आत्याच्या मनात वाईट नव्हतं, ती चेष्टाच करायची. फोनवर आई म्हणाली की मंजूला साठ टक्के पडले, की आत्या विचारायची, “नक्की ना? की मंजूनं सांगितले तेवढे?” एका लग्नात कुणी माझं वय विचारलं तर आत्याचा दीर म्हणाला, “तिला विचारू नका, ती वाढवून सांगते.” सगळे हसले. बाबा असे हसण्याच्या वेळी उठून जायचे. पाणी प्यायला, चपला बघायला, काहीही. मी बसून राहायचे. त्यांच्या पाठीकडे बघत बसायचं मला वळणच पडलं होतं.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात मुरारला मामेभावाचं लग्न निघालं, आणि आत्या, नानाकाका, केतकी अशी तिघंही आमच्याकडे उतरली. थंडी कडाक्याची. आईनं तीळ-गुळाची कुरकुरीत गजक आणून ठेवली होती, केतकी दिवसभर ती कडाकडा चावत फिरायची. ती आता बारावीला होती. लग्नानंतरच्या दुपारी सगळे जेवायला बसलो. मटाराची उसळ, भात, आईनं मुद्दाम आत्याच्या आवडीचं केलेलं आंबट-गोड वरण. बोलता बोलता केतकीच्या प्रवेशाचा विषय निघाला. आत्या म्हणाली, “फॉर्म भरताना मी शेजारी बसणार बाई. जे असतील ते मार्क लिहायचे. ताईसारखं काही करायचं नाही.”

केतकीनं मान खाली घातली. तिला वाईट वाटलं होतं. मी भात कालवत राहिले.

बाबा उठले नाहीत. त्यांचा हात ताटात होता, तो त्यांनी बाहेर घेतला. “सुमन,” ते आत्याला म्हणाले, “तो फॉर्म मी भरला होता. मंजूला माहीतही नव्हतं.”

आत्यानं पहिल्यांदा ऐकू न आल्यासारखं केलं. “काय म्हणतोस दादा?”

“एकाहत्तर मी लिहिले. ती आजारी होती. तिथे टेबलापाशी तिनं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.”

आई भाताचं भांडं हातात धरून दारात उभी होती. आत्याचा हात तोंडावर गेला. ती माझ्याकडे बघायला लागली, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि नानाकाका म्हणाले, “मला ते त्याच दिवशी लक्षात आलं होतं.”

मी मान वर केली.

“तिनं तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिच्याकडेच बघत होतो,” ते म्हणाले. “स्वतः लिहिलेला आकडा कुणी असा बघत नाही. पण म्हटलं, पोरीनं बापाची लाज राखली आहे, आपण कशाला उघडं करा.”

“आणि माझी?” मी म्हणाले.

मी मोठ्यानं बोलले नव्हते. मला वाटायचं, हे कधी उघड झालं तर मी मोकळी होईन, कदाचित रडेन. तसं झालं नाही. मला राग आला, आणि तो बाबांपेक्षा नानाकाकांचा जास्त आला. रिक्षात त्यांनी मला जे ऐकवलं ते सगळं माहीत असताना ऐकवलं होतं. मी ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि हात धुतले. आत्या मागोमाग आली, माझा ओला हात तिनं दोन्ही हातांत धरला. “मला एकदा तरी सांगायचंस गं,” ती म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही. आत्यावर मी राग धरला नाही. तिला जे सांगितलं गेलं त्यावर तिनं विश्वास ठेवला होता.

नानाकाकांनी निघताना मला जवळ बोलावलं. “माझं चुकलं, मंजिरी,” ते म्हणाले. त्यांनी ते आत्यासमोर आणि केतकीसमोर म्हटलं, आडबाजूला नेऊन नाही, याची मी अजून नोंद ठेवून आहे. तरी पुढे ते मला प्रश्न विचारायचे तेव्हा मी पूर्वीसारखी लांब उत्तरं देऊ शकले नाही.

त्यांना गाडीत बसवून बाबा आणि मी टेम्पोनं परत येत होतो. थंडीमुळे टेम्पोत आम्ही दोघंच प्रवासी होतो. बाबांनी मफलर कानांवरून गुंडाळला होता, त्यामुळे त्यांचा आवाज दबलेला येत होता.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “तू ‘मी भरला’ म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, ही आता थांबेल. आता म्हणेल, नाही, बाबांनी भरला. तू म्हणाली असतीस तर मला बोलता आलं असतं. मी तुझी वाट पाहत उभा होतो.”

टेम्पो वळला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोरच्या दांडीकडे पाहत होते.

“मी पण तुमचीच वाट पाहत होते, बाबा.”

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. आमचा थांबा आला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, आधी स्वतः उतरले आणि मला उतरण्यासाठी हात पुढे केला. मी लहान असताना करायचे तसा. मी क्षणभर तशीच बसून राहिले. मग दांडी धरून माझी मी उतरले, आणि आम्ही दोघं घराकडे चालायला लागलो.